मोह कोणाचा, मोल कोणाचे?

मराठी साहित्याच्या वर्गात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो आणि तितक्याच तत्परतेने तो गैरलागू ठरविला जातो. ‘ययातीच्या जागी तुम्ही असतात, तर काय केले असते?’ हा त्या प्रश्नाचा सर्वपरिचित नमुना होय. अध्यापकाने तो विचारला, तर त्याची गणना तास रंगविण्याच्या युक्त्यांत होते. विद्यार्थ्याने विचारला, तर ‘कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहा’ असा उपदेश त्याला ऐकावा लागतो. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. आवडत्या कथाविश्वातील मोहाच्या क्षणी स्वतःला उभे करून पाहणे ही वाङ्मयीन आकलनाची एक रीतसर पद्धती होऊ शकते. मात्र हा प्रश्न आपण बहुधा चुकीच्या पात्राच्या वतीने विचारतो आणि त्यामुळेच तो उथळ ठरतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या प्रश्नाविरुद्ध घेतला जाणारा मुख्य आक्षेप आपणांस परिचित आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची जी विस्तृत चिकित्सा केली, तिच्या परिभाषेत सांगावयाचे तर, हा प्रश्न कलाकृतीला लौकिक व्यवहारात खेचून आणतो. कलाकृतीतील निवड ही तिच्या घटकांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध झालेली असते. तेथे वाचकाच्या पसंती-नापसंतीला स्थान नसते. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु मराठी समीक्षेच्या परंपरेत त्याला उत्तरही उपलब्ध आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे स्वत्व पुसून टाकीत नाही. दोन्ही जाणिवा एकाच वेळी जाग्या राहतात आणि त्यातच वाङ्मयीन आनंदाचे मर्म असते, असा तिचा आशय आहे. ‘मी तेथे असतो तर’ हे वाक्य वस्तुतः याच दुहेरी जाणिवेचे व्याकरणिक रूप आहे. त्यातील ‘मी’ वाचकाचा, ‘तेथे’ कलाकृतीचे आणि ‘तर’ हा दोहोंमधील दुवा.

हा दुवा भक्कम असावयाचा, तर तीन अटी पाळल्या जाणे आवश्यक आहे. पहिली अट अशी की, मोह खरोखरच मोह वाटला पाहिजे. ज्याचा त्याग करताना काहीच गमवावे लागत नाही, तो मोह नव्हे. दुसरी अट अशी की, त्या मोहाचे मोल त्या कथाविश्वातीलच असले पाहिजे, वाचकाने आपल्या सोयीने ठरविलेले नसावे. या दोन अटी सामान्यतः पाळल्या जातात. तिसरी मात्र विसरली जाते. ती म्हणजे, मोल कोण देणार, याचा उच्चार प्रश्नातच झाला पाहिजे. मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिलेल्या कथाविश्वांकडे या दृष्टीने पाहिले, तर असे आढळते की, मोहाची निवड एक पात्र करते आणि तिचे मोल दुसरेच पात्र मोजते. आपला प्रश्न मात्र सदैव निवड करणाऱ्यालाच उद्देशून असतो.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार यांमुळे ही कादंबरी मराठी घराघरांत आणि अभ्यासक्रमांत स्थिरावली. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली आलेले वार्धक्य पुत्राच्या तारुण्याशी बदलून घेण्याची मुभा, हा तीतील मोहाचा गाभा. ‘तुम्ही ययाति असतात तर?’ या प्रश्नाला वर्गात मिळणारे उत्तर ठरीव असते: आम्ही मोह टाळला असता. हे उत्तर स्वस्त आहे, कारण विशीतल्या विद्यार्थ्याला वार्धक्याची भीती नसते. याउलट ‘तुम्ही पुरू असतात तर?’ असे विचारून पाहावे. येथे विद्यार्थी थबकतो. वडिलांसाठी आपले शिक्षण, आपली नोकरी, आपले लग्न पुढे ढकलणे ही कल्पना त्याच्या परिचयाची असते. महाभारतातील आदिपर्वाच्या कथेने तर हा पेच अधिकच तीव्र केला आहे. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु हे चार पुत्र नकार देतात आणि चौघांनाही पित्याचा शाप मिळतो. होकार देणाऱ्या पुरूला राज्य मिळते. म्हणजे नकारालाही मोल आहे आणि होकाराला बक्षीस आहे. असा होकार कितपत स्वेच्छेचा म्हणावा, हा प्रश्न मूळ कथेतच दडलेला आहे.

खांडेकरांच्या कादंबरीची निवेदनपद्धती या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तीन पात्रे आलटून पालटून आपली बाजू मांडतात. सर्वांत मोठे मोल देणारा पुरू मात्र निवेदक नाही. त्याचे दान आपल्याला इतरांच्या मुखातून समजते. याच कथेवर गिरीश कार्नाडांनी १९६१ मध्ये कन्नडमध्ये नाटक लिहिले, तेव्हा त्यांनी पुरूच्या पत्नीला, चित्रलेखेला, रंगमंचावर आणले. सासऱ्याने आपल्या पतीचे तारुण्य घेतले, तर त्यात आपल्या वाट्याला काय आले, हा तिचा प्रश्न कोणालाही पेलत नाही आणि तिच्या आत्मघातानंतरच ययातीला आपल्या निवडीचे खरे मोल दिसते. दोन्ही लेखकांची जीवनदृष्टी भिन्न आहे. त्यांच्यात उजवे-डावे करण्याचा येथे हेतू नाही. परंतु मोल देणाऱ्याच्या ओळीत आणखी एक व्यक्ती उभी केल्याबरोबर त्याच मोहाचा अर्थ कसा बदलतो, हे या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. या नाटकाचा विचार मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून इतका झाला आहे की, सुधाकराचा पहिला प्याला ही एक खरी निवड होती, हे आपण विसरतो. अपमानित, सनद स्थगित झालेल्या, बुद्धिमान वकिलाला काही घटकांचे विस्मरण हवे असते. हा मोह समजण्याजोगा आहे. त्याचे मोल मात्र माहेरची मदत नाकारून दळण दळणारी सिंधू देते, तिचे मूल देते. येथे ‘तुम्ही सुधाकर असतात तर?’ या प्रश्नाचे उत्तर व्यसनमुक्तीच्या भाषणापलीकडे जात नाही. ‘तुम्ही सिंधू असतात तर?’ हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षांनंतरही अडचणीचा आहे. मरणाच्या दारात पतीला वाचविण्यासाठी खोटी साक्ष देणारी सिंधू आपल्याला पूजनीय वाटते की तिच्या त्या जबानीने आपण अस्वस्थ होतो? येथे वाचकाला स्वतःविषयी एक अप्रिय गोष्ट कळते. हे कथाविश्व आपल्याला प्रिय आहे, त्यामागे मोल देणारीने तक्रार केली नाही, हेही एक कारण आहे.

‘नटसम्राट’ (१९७०) विषयीही असेच म्हणता येईल. अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताना आपली मिळकत मुलांत वाटून टाकतात. या औदार्याचा मोह आपल्या समाजात अतिशय प्रतिष्ठित आहे. देऊन मोकळे होण्याला आपण वैराग्याचे नाव देतो. समोरचे ताट द्यावे पण बसायचा पाट देऊ नये, ही लोकोक्ती या मोहावरच बेतलेली आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाची तुलना शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी नेहमी केली जाते. त्या तुलनेत एका फरकाला अधिक महत्त्व मिळावयास हवे. लिअरची राणी नाटकात नाही. तो आपले राज्य देतो, तेव्हा त्याच्याबरोबर बेघर होणारी पत्नी रंगमंचावर नसते. शिरवाडकरांनी कावेरी दिली. पाट अप्पासाहेबांनी दिला आणि त्यावरून उठावे लागले दोघांना. मुलाच्या घरून मुलीच्या घरी आणि तेथून बाहेर, हा प्रवास कावेरीने स्वतः निवडलेला नाही. तेव्हा ‘तुम्ही अप्पासाहेब असतात तर मिळकत वाटली असती काय?’ याऐवजी ‘तुम्ही कावेरी असतात, तर वाटणीच्या दिवशी काय बोलला असतात?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

पाश्चात्त्य वाङ्मयात या प्रश्नाचे नेमके रूप दोस्तोयेव्हस्कीने दिले आहे. ‘कारामाझोव्ह बंधू’ (१८८०) मध्ये इव्हान आपल्या भावाला विचारतो की, सर्व मानवजातीच्या सुखाची इमारत एका निष्पाप बालकाच्या यातनेवर उभी करावयाची असेल, तर तू तिचा शिल्पकार होशील काय? अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ मध्ये हाच पेच ओमेलास नावाच्या कल्पित नगरीच्या कथेत मांडला. तेथील सर्वांचे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर अवलंबून आहे. बहुतेक नागरिक ते पाहून, रडून, पुन्हा आपल्या सुखात परततात आणि काही थोडे नगरी सोडून निघून जातात. या दोन्ही ठिकाणी मोल देणारा प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. तत्त्वज्ञही असे काल्पनिक पेच रचतात. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला धावत्या ट्रामचा पेच प्रसिद्ध आहे. परंतु तत्त्वज्ञाच्या पेचातील माणसे संख्येने असतात, नावाने नसतात. रुळावर पाच आहेत की एक, एवढेच तेथे महत्त्वाचे. साहित्य त्या एकाला नाव, घर, बोली आणि भूतकाळ देते. साहित्याच्या वर्गात हा प्रश्न विचारण्याचे वेगळे प्रयोजन येथेच आहे.

आता आपल्या विदर्भाच्या परिचयाच्या एका कथाविश्वाकडे वळू. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात वडिलांचा मृत्यू झाला आहे, मुंबईचा मुलगा सुधीर पत्नीसह आला आहे, दाराशी ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि तेराव्याचा खर्च कसा भागवावयाचा हा प्रश्न आहे. वाडा आणि घरातील सोने हे या नाटकातील दोन मोह. मध्यरात्री अंगावर सोने घालणाऱ्या वहिनीचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मोहाचे वजन वेगळे सांगावयास नको. ‘तुम्ही सुधीर असतात तर?’ या प्रश्नाला आजचा विद्यार्थी चटकन उत्तर देतो: विकून मोकळे व्हावे. परंतु या घरात प्रभा आहे. तिला शिकावयाचे होते, ते वडिलांनी होऊ दिले नाही. ती अविवाहित आहे आणि याच वाड्यात राहते.

प्रभेचे स्थान नेमके समजून घेण्यासाठी तत्कालीन कायदा माहीत असणे इष्ट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला पित्याच्या मिळकतीत वारसा दिला. परंतु त्याच कायद्याच्या कलम २३ अन्वये कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी तिला स्वतः होऊन मागता येत नव्हती. पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरविले, तरच तिचा हिस्सा प्रत्यक्षात येई. अविवाहित मुलीला राहण्याचा हक्क तेवढा होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायाद मानले. केंद्राने २००५ मध्ये तसे केले आणि कलम २३ ही त्याच वर्षी रद्द झाले. म्हणजे ज्या काळात हे नाटक रंगभूमीवर आले, त्या काळात प्रभेला वाड्यात राहता येत होते, पण वाड्याविषयी निर्णय घेता येत नव्हता. विक्री करा अथवा करू नका, मोल तिने द्यावयाचे आणि ठराव भावांनी करावयाचा. ‘तुम्ही प्रभा असतात तर?’ या प्रश्नाचे पहिले प्रामाणिक उत्तर ‘मला विचारलेच नसते’ असे येईल, आणि हे उत्तर नाटकाच्या रचनेपर्यंत पोहोचणारे आहे.

हा केवळ गतकाळाचा विषय नाही, हे नागपूरलगतच्या हिंगणा तालुक्यात शिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही. धरणगावकरांच्या दाराशी गंजणारा ट्रॅक्टर ज्या विद्यार्थ्यांना प्रतीक म्हणून समजावून द्यावा लागतो, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातील माणसे हिंगणा औद्योगिक वसाहतीत कामाला जातात आणि याच वसाहतीत महिंद्रा कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. ट्रॅक्टर हे त्यांच्यासाठी प्रतीक होण्यापूर्वी वेतन आहे. मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील शिवमडक्यापासून सुरू होतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. नागपूरची मेट्रो २०२० पासून हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगरपर्यंत धावते. रस्ता आला की जमिनीचा भाव चढतो आणि ‘विकावे की ठेवावे’ हा प्रश्न रंगमंचावरून उतरून जेवणाच्या ताटापाशी येतो. अशा घरांत सातबाऱ्यावरील नावे, वाटण्या आणि बहिणींची हक्कसोडपत्रे हे शब्द मुलामुलींच्या कानांवर पडत असतात. कायद्याने प्रभेला आता हिस्सा दिला आहे. पण हक्कसोडपत्रावर सही करावी की नाही, हा तिच्यापुढचा पेच पुरूच्या पेचाहून फारसा निराळा नाही. होकाराला माहेरपणाचे बक्षीस आहे आणि नकाराला अबोल्याचा शाप आहे. वर्गातील एखादी विद्यार्थिनी उद्या अशा कागदासमोर बसणार असेल, तर प्रभेच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची संधी तिला साहित्याच्या तासाला मिळू नये काय?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या पद्धतीने साहित्याचे रूपांतर नैतिक खतावणीत होईल: कोणी घेतले, कोणी दिले, एवढाच हिशेब उरेल. हा धोका खरा आहे. परंतु तो टाळण्याचा मार्ग प्रश्न टाळणे हा नव्हे. उत्तर संहितेतून मागणे हा आहे. कावेरी वाटणीच्या दिवशी काय बोलली असती, हे सांगताना विद्यार्थ्याला तिची भाषा, तिचे पतीशी असलेले नाते, नाटकातील तिच्या मौनाच्या जागा यांचा आधार द्यावा लागला पाहिजे. असा आधार देता येत नसेल, तर ते उत्तर कल्पनाविलास समजून बाजूला ठेवावे. दुसरा आक्षेप असा की, काही पात्रे आपले मोल आनंदाने देतात आणि त्यांच्या त्यागाला आपण संशयाने पाहू लागलो, तर त्या कृतींचा करुण रसच विरून जाईल. वास्तविक घडते ते उलट. सिंधूला दुसरा मार्ग दिसला असता, असे मानून पाहिल्याशिवाय तिच्या त्यागाचे वजन कळत नाही. जिच्यापुढे पर्यायच नव्हता तिचा तो त्याग नव्हे, ती केवळ होरपळ होय.

या पद्धतीला मर्यादाही आहेत आणि त्या नमूद केल्या पाहिजेत. जेथे निवड करण्याचा अधिकारच व्यवस्थेने हिरावून घेतला होता, तेथे ‘तुम्ही असतात तर काय निवडले असते?’ असे विचारणे औचित्याला सोडून होईल. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने कल्पित विश्वे नव्हेत आणि त्यांतील जगण्याकडे मोहाचा खेळ म्हणून पाहता येणार नाही. परंतु आपल्या विवेचनासाठी त्यांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. इतरांच्या सुखाचे मोल पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दिले, ते येथे स्वतः निवेदक झाले. खांडेकरांच्या पुरूला जे मिळाले नाही, ते या आत्मकथनांनी मिळविले. ती वाचल्यानंतर ‘ययाति’ पूर्वीसारखी वाचता येत नाही, हा त्यांचा मराठी वाचकावरील एक दूरगामी परिणाम मानावयास हवा.

मोल देणारा कधी कधी अजून जन्मालाही आलेला नसतो. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबरीत एका पुरातन, अतिप्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानाच्या आधारे बुद्धिमान यंत्र घडविण्याचा मोह वैज्ञानिकांपुढे उभा राहतो. ज्ञानाचा मोह हा अभ्यासकाला सर्वांत निर्दोष वाटणारा मोह. म्हणूनच ‘या निवडीचे मोल कोण देणार?’ हा प्रश्न तेथे सर्वाधिक निकडीचा आहे आणि बुद्धिमान यंत्रांशी रोज व्यवहार करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला तो दूरचा वाटण्याचे कारण नाही.

पदव्युत्तर वर्गांच्या प्रश्नपत्रिकांत ‘व्यक्तिरेखा स्पष्ट करा’ या साच्याचे प्रश्न वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांना ठरलेली उत्तरे असतात आणि ती पाठ करता येतात. त्यांच्या जोडीला एक तरी प्रश्न असा असावा की, ज्यात कथाविश्वातील एका निवडीचे मोल ज्याने दिले, त्याच्या जागेवरून ती निवड संहितेच्या आधारे तपासावयास सांगितले जाईल. अभ्यासमंडळांना त्यासाठी नवी पाठ्यपुस्तके नेमावी लागणार नाहीत. पुरू, सिंधू, कावेरी आणि प्रभा अभ्यासक्रमांना अनोळखी नाहीत. त्यांना प्रश्न विचारण्यास आरंभ करावयाचा आहे, एवढेच.